गाडीत काहीही दोष नाही

३ जानेवारी २०२४, बुधवार

नवी वही. ठराव दोन दिवस उशिरा लिहितोय, कारण वही आणायला मातले बाजारात जायचं होतं आणि गाडी बंद होती. बंद म्हणजे तात्पुरती. शेवटी बसने गेलो. बसमध्ये एका जुन्या विद्यार्थ्याने उठून जागा दिली आणि विचारलं, सर, गाडी विकली का? मी पुढच्याच स्टॉपवर उतरलो.

ठराव: या वर्षी गाडीवर पेट्रोल सोडून खर्च नाही. रोज अर्धा तास चालणे. मिरीचे वेल स्वतः छाटणे. गाडीशी न बोलणे.

शेवटचा ठराव सोमाअक्कामुळे. ती माझ्या बायकोची, विनीताची, थोरली बहीण, कुंपणापलीकडे राहते. कमी ऐकू येतं असं सगळ्यांना सांगते आणि सगळं ऐकते. काल म्हणाली, तिलक, शेडमध्ये कुणाशी बोलत होतास? मी म्हटलं, निदान करत होतो.

गाडी चांगलीच आहे. जपानहून आलेली, पांढरी, हायब्रिड. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एका बॉनेटखाली गुण्यागोविंदाने नांदतात. एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला हिची रचना कुणी समजावून सांगायची गरज नाही. गेल्या वर्षी सोळा जूनला ती बालकडुवाच्या चढावर एकदा थांबली. विनीता आत होती, डायलिसिसला कँडीच्या हॉस्पिटलात नेत होतो. त्यानंतर अकरा दिवसांनी विनीता गेली. दोन्हींचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. मी दोनदा विचारलं होतं.

९ जानेवारी

लसंतच्या गॅरेजमध्ये गेलो. लसंत माझाच विद्यार्थी. अकरावीत फिजिक्समध्ये अठ्ठावीस मार्क. आता त्याच्याकडे गाडी उचलायची तीन यंत्रं आणि एक कोरियन स्कॅनर आहे. स्कॅनर लावून म्हणाला, सर, मोठ्या बॅटरीतले आणखी दोन सेल गेले. गेल्या जुलैत तीन बदलले, आता हे दोन.

मी म्हटलं, दोनच ना? अठ्ठावीस सेलची बॅटरी. सव्वीस पास, दोन नापास. वर्गाचा निकाल ब्याण्णव टक्क्यांच्या वर. लसंत म्हणाला, सर, सेल एका ओळीत जोडलेले असतात. एक झोपला की सगळ्यांना ओढत नेतो. हे तुम्हीच शिकवलंत. मी असं शिकवल्याचं मला आठवत नाही. आणि शिकवलं असेल तर हा त्या दिवशी लक्ष देत होता याचंच आश्चर्य.

दोन सेल बदलायला सांगितले. हा खर्च ठरावात धरायचा नाही. हे गेल्या वर्षीचं राहिलेलं काम आहे.

११ जानेवारी

बदलले. त्रिकोण गेला. डॅशबोर्डवरच्या त्या लाल त्रिकोणाचा लोकांनी उगीच बाऊ केलाय. आत उद्गारचिन्ह असतं म्हणून माणूस घाबरतो. प्रश्नचिन्ह असतं तर कुणी घाबरलं नसतं.

गाडी नवी झाली.

२५ जानेवारी, पौर्णिमा

सोमाअक्काला देवळात घेऊन गेलो. पांढरे कपडे, फुलांची परडी. ती मागे बसली. मी म्हटलं, पुढे बस, मी काय तुझा ड्रायव्हर आहे? म्हणाली, पुढची जागा तिची आहे. 

बटण दाबलं. गाडीतली रेकॉर्ड केलेली जपानी बाई नेहमीसारखं काहीतरी म्हणाली. सात वर्षांत ती काय म्हणते ते कुणालाच कळलेलं नाही. विनीता तिला म्हणायची, हो बाई, हो. निघालो. दोनशे मीटर गेलो नाही तोच टिंग टिंग टिंग. पुढच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, असं गाडीचं म्हणणं.

अक्काने परडी छातीशी धरली. म्हणाली, ऐकलंस?

मी समजावलं की सीटखाली वजन ओळखणारी एक पट्टी असते, दमटपणाने तिला भास होतो. अक्का म्हणाली, पट्टीला होतो तो भास, आणि मला झाला तर म्हातारचळ? देवळापर्यंत टिंग टिंग चालूच. परत येताना मी रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. लगेच बंद. विज्ञान.

अक्का गावभर सांगत सुटलीय की विनीताचा जीव गाडीत अडकलाय. माणसाची ज्यावर आसक्ती राहते तिथेच ते घुटमळतं म्हणे. विनीताची या गाडीवर आसक्ती नव्हती. तिला हॉर्न आवडत नव्हता, सीट आवडत नव्हती, रंगही आवडत नव्हता. म्हणायची, पांढरी गाडी म्हणजे देवळाची ॲम्ब्युलन्स.

२६ जानेवारी

सीट कोरडी केली. दोन तास हेअर ड्रायर. विनीताचाच. तरी टिंग टिंग.

पट्टा लावूनच ठेवणार. उगाच कशाला खर्च.

१३ फेब्रुवारी

त्रिकोण. गॅरेजमधून आल्याला तेहेतीस दिवस. मिरी विकायला उकुवेलाला निघालो होतो, फाटकातच.

लसंत म्हणाला, आणखी दोन. सर, जुन्यांत नवे घातले की नवे जुन्यांना दमवतात आणि जुने नव्यांना खेचतात. अख्खी बॅटरी बदला किंवा विका. मी म्हटलं, तू प्रत्येक वेळी दोनच बदलतोस, म्हणून पुढच्या वेळी दोन जातात. तो माझ्याकडे बघत राहिला. अकरावीतही असाच बघायचा.

दोन सेल. शेवटचे.

८ मार्च

नवीनच. शेडमधून सकाळी आवाज येतो. गाडी बंद, चावी खुंटीवर, आत कुणी नाही, आणि कुणी घसा साफ करावा तसा घर्र... मग शांत. गाडीचं दार उघडलं की पुन्हा घर्र... विनीता सकाळी उठल्यावर असाच घसा साफ करायची. ही नुसती आठवण म्हणून लिहिली. पुरावा म्हणून नाही.

स्टॉपवॉच घेऊन बसलो. दार उघडं ठेवलं तर दर चाळीस सेकंदांनी. दुपारी अठ्ठावीस. संध्याकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा चोवीस. कपबशा दोन का नेल्या कळलं नाही. सवय.

१० मार्च

अक्काने भिक्खूंकडून मंतरलेला दोरा आणला आणि आरशाला बांधला. चाकाखाली लिंबं ठेवली. मी म्हटलं, अक्का, हा ब्रेकचा पंप आहे, दाब टिकत नाही म्हणून सारखा चालतो. ती म्हणाली, दाब कुणाचा टिकतो? तुझा टिकतो? काल तिसऱ्यांदा डाळ करपवलीस, वास माझ्या घरापर्यंत आला.

डाळ करपत नाही. मी ती मुद्दाम खरपूस करतो.

१२ मार्च

लसंत म्हणाला, ब्रेकचा पंप. अख्खा बदलावा लागतो. किंमत ऐकून मी स्टुलावर बसलो. आयात बंद असल्यापासून प्रत्येक पार्ट सोन्याच्या भावाने मिळतो. म्हणाला, सर, तुम्ही शिक्षक म्हणून मी मजुरी घेणार नाही, पण पार्ट मला फुकट मिळत नाही. मी म्हटलं, मजुरी घे. उपकार नकोत. मग त्याने घेतली. एवढा आग्रह मी करायला नको होता.

ठेव मोडली. मुदतीआधी. ही ठेव घराचं छप्पर बदलायला होती, पण पाऊस येईपर्यंत छपराला कुणी दोष देऊ शकत नाही.

लसंतने निघताना विचारलं, सर, पुढच्या सीटचा सेन्सर पण बदलून देऊ का? अगदी स्वस्त आहे. टिंग टिंग जाईल.

मी म्हटलं, ते अत्यावश्यक नाही.

१८ एप्रिल

पंचांगात नव्या वर्षी पहिल्यांदा कामाला बाहेर पडण्याचा मुहूर्त आजचा. माझा मुहूर्तावर विश्वास नाही. पण विश्वास नसताना पाळला तर नुकसानही नाही, म्हणून सांगितलेल्या रंगाचा शर्ट घातला, तेल लावून घेतलं आणि गाडी सांगितलेल्या दिशेला तोंड करून उभी केली. त्यासाठी ती शेडमधून ढकलावी लागली. अक्का एका बाजूने, मी दुसऱ्या. पोटात नव्या वर्षाच्या सणाचं तळण, कोकिस आणि कवुम. अक्का म्हणाली, वर्षभर हेच करायचंय याचा हा शकुन समज.

बरोब्बर मुहूर्तावर बटण दाबलं. जपानी बाई बोलली. त्रिकोण.

अक्का हसायला लागली. मला राग आला. मग मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, विनीता असती तर पोट धरून बसली असती. मग आम्ही गाडी परत ढकलून आत नेली.

२१ एप्रिल

नदीशाचा मेलबर्नहून फोन. लेक जूनमध्ये येतेय, आईच्या वर्षाच्या दानाला, त्या दिवशी भिक्खूंना जेवू घालायचं असतं. म्हणाली, अप्पा, गाडी विका. सोमाम्माने सगळं सांगितलंय. अक्काला ती सोमाम्मा म्हणते. मी म्हटलं, सोमाम्माला ऐकू येत नाही. नदीशा म्हणाली, अप्पा, ती गाडी तुम्हाला काय देते ते तरी सांगा. मी तिला लिटरमागे किती किलोमीटर जाते ते सांगितलं.  लाईन गेली असं वाटून हॅलो हॅलो केलं. लाईन होती.

दानापर्यंत गाडी धडधाकट करायची. नदीशाला विमानतळावरून मीच आणणार, आणि एकदा, फक्त एकदा, बालकडुवाचा चढ न थांबता चढून दाखवणार. कुणाला दाखवायचंय हा प्रश्न इथे गैरलागू आहे. प्रयोग पूर्ण व्हायला हवा.

२८ एप्रिल

नदीशानेच गिऱ्हाईक पाठवलं. दंबुल्लाचा भाजीचा व्यापारी, गळ्यात जाड साखळी, बोलायला मऊ. गाडी बघितली, खाली वाकून बघितली. मी म्हटलं, काहीही दोष नाही. त्याने विचारलं, मग विकता कशाला? मी म्हटलं, मी विकत नाहीये. तो म्हणाला, मग मी दंबुल्लाहून कशाला आलो? मी किंमत तीन लाखांनी वाढवली.

तरी तो चक्कर मारायला निघाला. पुढच्या सीटवर बसायला गेला तर पट्टा लावलेला. म्हणाला, इथे कोण बसतं?

मी म्हटलं, व्यवहार रद्द.

तो जाताना अक्काला काहीतरी विचारत होता. अक्काने त्याला चहा पाजला. माझ्याच घरची साखर.

७ मे

निर्णय घेतला. अख्खी नवी बॅटरी. उरलेली ठेव आणि या वर्षीची सगळी मिरी. लसंतला फोन केला. तो म्हणाला, सर, नक्की? मी म्हटलं, नवी बॅटरी म्हणजे नवी गाडी. तो म्हणाला, नाही सर, नवी बॅटरी म्हणजे जुनी गाडी आणि नवी बॅटरी. या पोराला तेव्हा अठ्ठावीस मार्क जरा कमीच दिले की काय.

१४ मे

गॅरेज. बॅटरी काढायला मागची सीट उचलावी लागते. सीटच्या कडेला जाळीचं एक छोटं भोक असतं. त्यातून गाडीतली थंड हवा आत जाते, पंखा ती बॅटरीवर सोडतो. ते मला माहीत होतं. पुस्तिकेत आहे. पान क्रमांकही सांगू शकतो.

लसंतने पंखा उघडला. मग त्याने धूळ उडवायचं हवेचं मशीन बंद केलं. कामावरची माणसंही थांबली. मी पुढे जाऊन पाहिलं. पंखा कापसाने गच्च भरलेला. सावरीचा कापूस, उशीतला. पात्यांना गुंडाळलेले केस. लांब, पांढरे.

लसंत म्हणाला, सर, मागे कुणी झोपून जायचं का?

मी म्हटलं, जपानी लोक गाडीत झोपतात. आधीच्या मालकाचं असेल.

तो म्हणाला, हो सर.

त्याने सगळं अलगद काढलं. टाकायला गेला, मग थांबला आणि स्वच्छ पिशवीत भरून माझ्या हातात दिलं. दुसऱ्या गाडीचं बिल करायला आत निघून गेला.

१५ मे

तपशील नीट नोंदवून ठेवतो.

शेवटच्या तीन महिन्यांत विनीताला बसवत नव्हतं. मागच्या सीटवर मी तिला झोपवायचो. कडेला दार टोचायचं म्हणून त्या बाजूला दोन उशा नीट कोंबायचो, वर तिची शाल. घट्ट कोंबायचो, वळणावर सरकू नयेत म्हणून. बालकडुवाची वळणं वाईट आहेत.

त्याच बाजूच्या जाळीतून हवा थोडी कमी गेली असेल. पंखा थोडा गुदमरला असेल. पण सेल आधीच जुने होते. उंदीरही असू शकतात. आमच्या शेडमध्ये उंदीर आहेत. उंदीर कापूस नेतात हे सर्वश्रुत आहे.

उंदरांचे केस पांढरे आणि लांब नसतात. हे लसंत बोलला नाही. मीच लिहितोय.

पिशवी कपाटात ठेवली.

१६ मे

चाललो. अर्ध्या तासाऐवजी अडीच तास. मिरीचा एक वेल छाटला. चुकीचा.

२ जून, रविवार

मागच्या वर्षीची वही कपाटात आहे. गेले अकरा महिने ती काढायचं कारण पडलं नाही. आज पडलं. नदीशाने फोनवर विचारलं, अप्पा, गाडी त्या दिवशी अचानकच बंद पडली ना? मी म्हटलं, अचानक. फोन ठेवल्यावर म्हटलं, नोंद बघून घ्यावी. शास्त्राच्या माणसाने स्मरणावर विसंबू नये.

जशीच्या तशी उतरवतो:

"२ जून २०२३. लाल त्रिकोण आला. दोन मिनिटांत गेला. सेन्सर बिघडलाय. लसंतकडे नेणार नाही, तो उगाच सगळं उघडत बसतो. विनीताने विचारलं काय झालं. म्हटलं, तुला कळणार नाही, काळजी करू नकोस."

त्याखाली सहा, नऊ आणि तेरा तारखेलाही. सहाला "पुन्हा त्रिकोण. गेला." नऊला "त्रिकोण." तेराला नुसतं एक टिंब. ते टिंब कशाचं हे मला पक्कं माहीत आहे.

चौदा दिवस.

आजची तारीख तीच आहे हे मघाशी लक्षात आलं.

नदीशाला परत फोन करणार होतो. तिकडे एव्हाना रात्र झाली असेल.

१४ जून, शुक्रवार

नवी बॅटरी यायला तीन आठवडे लागले, बसवून आठ दिवस झाले. आज प्रयोग.

सकाळी साडेसहाला निघालो. डायलिसिसला याच वेळी निघायचो. पाण्याची बाटली, टॉवेल, फाईल. फाईल कशाला घेतली? सवय. पुढच्या सीटचा पट्टा लावलेला होताच. मागे काही नाही.

उकुवेला गेलं. चढ सुरू झाला. मी श्वास मोजत होतो. पहिलं वळण. दुसरं. मागे ट्रक लागला, हॉर्न मारतोय. मारू दे. मग ती जागा आली, डाव्या हाताला कठडा आणि फणसाचं झाड. इथे आम्ही सव्वा तास थांबलो होतो. विनीता उशीवर डोकं टेकून होती. मी बॉनेट उघडून वाकलो होतो. तिथे वाकून काही उपयोग नव्हता, बिघाड मागे होता. शेवटी अकुरण्याचा एक प्लॅस्टिकच्या सामानाचा व्यापारी थांबला. त्याच्या व्हॅनमध्ये बादल्यांच्या चळतीत तिला बसवलं. ती बादलीला धरून हसली. म्हणाली, बघा, हिचा हॉर्न कसा दणदणीत आहे.

आज गाडी तिथून आली तशी निघून गेली. आवाज नाही, गचका नाही. वर खिंडीत पोचलो तरी कळलं नाही की पोचलो. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल.

परत फिरायचं होतं. फिरलो नाही. अलवतुगोडा, अकुरणा, कटुगस्तोट. गाडी आपोआप चालल्यासारखी, किंवा माझे हात. एक तास पाच मिनिटांत हॉस्पिटलच्या फाटकाशी. आमची आजवरची सर्वांत चांगली वेळ.

फाटकावरच्या गार्डने नेहमीसारखा बांबू वर केला. मग वाकून आत बघितलं. पुढे बघितलं, मागे बघितलं.

विचारलं, पेशंट कुठाय?

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, बाबा, पेशंट नाही तर आत सोडता येत नाही. कुणाला न्यायला आलात का?

मी काहीतरी बोललो असेन. मागे रांग लागली. त्याने बांबू खाली केला, पण चांगला माणूस, ओरडला नाही. स्वतः रस्त्यात उभा राहून गाड्या थांबवल्या आणि मला गाडी वळवून दिली. हाताने दाखवत होता, अजून, अजून, बास.

तलावाच्या कडेला गाडी लावून बसलो. साडेदहापर्यंत. गाडीत काहीही दोष नाही. इंजिन थंड, बॅटरी थंड, सगळे दिवे विझलेले.

२७ जून

वर्षाचं दान झालं. दहा भिक्खू. नदीशाने आणि अक्काने पहाटेपासून तेवीस पदार्थ केले. मी डाळ करायला पुढे सरसावलो तर दोघींनी मिळून बाहेर काढलं. थोरल्या भिक्खूंनी पुण्य विनीताला अर्पण केलं. वाटी भरेपर्यंत तांब्यातून पाणी ओतायचं असतं. नदीशाचा हात माझ्या हातावर होता. वाटी भरून सांडली तरी मी ओततच होतो.

सगळे गेल्यावर तिला मागच्या वर्षीची वही दाखवली. पान उघडून समोर ठेवलं आणि बागेत गेलो. परत आलो तेव्हा वही मिटलेली होती आणि ती भांडी घासत होती.  मग म्हणाली, अप्पा, ही कढई पुसून ठेवा. ठेवली. मग पुढची दिली.

सोमवारी तिला विमानतळावर सोडायला मीच जाणार आहे. याच गाडीतून जाते म्हणाली.

४ जुलै, गुरुवार

अक्काच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, त्याची तपासणी कँडीला. जिने जानेवारीपासून या गाडीला झपाटलेली म्हटलं, ती सकाळी नवी साडी नेसून, डबा घेऊन, न विचारता मागे बसली. म्हणाली, बसमध्ये हिसके बसतात.

बालकडुवा चढलो. मी उगाचच आरशातून बघत होतो, ती घाबरते का. ती केळं खात होती.

अलवतुगोड्याला म्हणाली, आता मागे गरम होत नाही.

मी विचारलं, काय गरम?

म्हणाली, सीट. विनीता सांगायची ना. कडेच्या उशीपाशी कोंबडी अंड्यांवर बसल्यासारखं ऊन ऊन लागतं, आणि खाली पंखा ओरडतो. महिनाभर सांगत होती.

मी गाडी कडेला घेतली. ब्रेक उत्तम लागले. विचारलं, मला का नाही सांगितलं?

अक्काने सालं पिशवीत भरली. म्हणाली, मी म्हटलं होतं तिला, तिलकला सांग. तर म्हणाली, नको ग अक्का, सांगितलं तर कटुगस्तोटपर्यंत उष्णता कशी वाहते ते शिकवतील. डायलिसिसच्या आधी तेवढा दम नसतो.

आणि हसली होती म्हणे.

उष्णता कशी वाहते हे मी अक्काला सांगणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. एवढ्यात मागून बस आली, जागा करून द्यावी लागली.

तपासणी झाली. ऑपरेशन ऑगस्टमध्ये. डॉक्टर म्हणाले साधं आहे. परत येताना अक्का मागे आडवी झाली आणि झोपली. उशी नव्हती, हाताचीच उशी केली. मी काच थोडी खाली केली आणि हळू चालवलं. 

गाडीने चढावर तक्रार केली नाही. उतारावरही नाही.